यादी घरी ठेवा, पिशव्या घेऊन निघा: शेतकरी आठवडे बाजारातून वर्षभर भाजी कशी घ्यावी

बुधवारी दुपारी साडेतीनला आमच्या मैदानाच्या कडेला पहिला छोटा टेम्पो येऊन थांबतो. चारला ताडपत्र्या अंथरलेल्या असतात, सहाला पाय ठेवायला जागा नसते आणि साडेआठला कोबीची वरची पानं नि मोडके देठ तेवढे मागे उरतात. पुण्यात असे शेतकरी आठवडे बाजार वेगवेगळ्या वारी ठिकठिकाणी लागतात. निवृत्तीनंतर घरातलं भाजी आणायचं खातं माझ्याकडे आलं, तेव्हापासून मी आमच्या भागातला बाजार सहसा चुकवलेला नाही.

पहिलं वर्ष मी यादी घेऊन जायचो. फ्लॉवर अर्धा किलो, ढोबळी पाव, मटार एक किलो. जुलै चालू होता. मटार मिळाला, पण मटणाच्या तोऱ्यातल्या भावाने, आणि सोलल्यावर निम्मे दाणे पिठूळ. ज्या मावशीच्या पाटीवरून पुढे सरकून मी त्या मटाराकडे गेलो होतो, त्या पाटीत कोवळा टाकळा होता. हे मला पुढच्या वर्षी कळलं.

तेव्हा पहिली सूचना हीच. बाजारात शिरल्यावर ‘अमुक आहे का?’ असं विचारू नका. ‘सध्या काय चांगलं येतंय?’ असं विचारा. जेवणाचा बेत तिथे, पाटीसमोर उभं राहून ठरवायचा. घरून ठरवून गेलात की हंगामाशी भांडण सुरू होतं, आणि त्यात खिसा आपलाच हलका होतो.

आधी एक फेरी रिकाम्या हाताने

हा बाजार आला कुठून, ते थोडक्यात. राज्यातला बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा. त्याखाली फळभाज्यांचा घाऊक व्यवहार बाजार समितीच्या आवारातून व्हायचा. म्हणजे शेतकरी, अडत्या, व्यापारी, किरकोळ विक्रेता आणि शेवटी आपण. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला या नियमनातून मोकळा केला आणि त्याच सुमारास संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना सुरू झाली. पुण्यातच गुलटेकडीला मुख्यालय असलेलं राज्याचं कृषी पणन मंडळ ती बघतं. बऱ्याच बाजारांत शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपन्या बसतात, त्यांचे फलक मागे लावलेले दिसतात.

फलक असला म्हणजे पाटीमागचा माणूस शेतकरीच, असं मात्र समजू नका. पहिली फेरी नुसती बघायची. ज्याच्याकडे चार-पाचच जिनसा आहेत, त्याही वेगवेगळ्या आकाराच्या, एखादं वांगं वाकडं, एखादी काकडी टोकाला जाड, आणि शेजारी कुणीही न विचारलेली लिंबं वाटा करून ठेवलेली, तो बहुधा शेतातून आलेला. ज्याच्याकडे बावीस भाज्या आहेत, वर सफरचंद आणि किवी आहेत, त्याने माल मार्केट यार्डातून, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक बाजारातून, उचललेला आहे. यात पाप काही नाही. आलं, लसूण आणि बटाटा मी अशाच एका गृहस्थाकडून घेतो, कारण त्याची निवड चोख असते. फक्त कुणाकडून काय घेतोय, हे आपल्याला ठाऊक असावं.

खात्री करायची तर एकच प्रश्न पुरतो: ‘तोडा कधीचा?’ भेंडी लावलेल्या माणसाला याचं उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, कारण भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर ती जून होते. ‘सकाळी तोडली, उद्या खाडा, परवा पुन्हा’ असं तो सांगेल. ज्याने विकत आणली आहे तो म्हणेल, ‘एकदम ताजी आहे साहेब.’ दोन्ही उत्तरं ऐकली की फरक लगेच कानाला कळतो.

सोबत काय न्यायचं

कापडी पिशव्या चार. एक मोठी कांद्या-बटाट्यासाठी, एक पालेभाज्यांची, एक फळांची आणि एक रिकामी, जी कधीच रिकामी परत येत नाही. टोमॅटो आणि अंजीर यांसाठी एक पसरट डबा. दहा-वीसच्या नोटा. क्यूआर कोडचे पुठ्ठे आता बहुतेक पाट्यांना टांगलेले असतात, पण संध्याकाळी सहाला त्या मैदानावर सगळ्यांचे फोन एकदमच रुसतात.

वेळेचं म्हणाल तर पालेभाजी हवी असेल तर पहिल्या तासात जा. दुपारच्या बाजारातला पाला सकाळी काढलेला असतो, म्हणून तो सकाळच्या हातगाडीवरच्या पाल्यापेक्षा ताजा निघतो. हातगाडीवाल्याचा माल आदल्या दिवशी संध्याकाळी शेतातून निघून रात्रभर यार्डात राहिलेला असतो. स्वस्त हवं असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात जा. टेम्पो परत रिकामा न्यायचा असतो, त्यामुळे ‘सगळ्या जुड्या उचला, पन्नास द्या’ असं ऐकू येतं. पण त्या वेळी निवडायला काही उरलेलं नसतं, आणि सहा जुड्या शेपू घरी नेल्यावर काय होतं ते मी अनुभवलंय.

पावसाळा: पाटी लहान, माल मोठा

वर्षातला माझा सगळ्यात आवडता काळ जुलै आणि ऑगस्ट. मुळशी, वेल्हा, भोर, मावळ आणि वर जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्यातून बायका रानभाज्या घेऊन येतात. त्यांच्याकडे वजनकाटा नसतो. वाटा असतो, किंवा करंजाच्या नाहीतर सागाच्या पानात बांधलेली जुडी असते. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, घोळ, करटुली, कोवळ्या बांबूचे कोंब. यातली प्रत्येक भाजी दोन-तीन आठवडेच कोवळी असते. टाकळा फुलावर आला की कडसर आणि चिवट होतो. करटुलं हिरवंगार आणि काटे मऊ असतानाच घ्यायचं, पिवळट झलक दिसली की आत बिया लाल होऊन टणक झालेल्या असतात.

रानभाजी घेताना दोन पथ्यं पाळा. एक, जी ओळखीची नाही ती घेताना शिजवायची रीत विचारून घ्या, आणि नीट ऐका. भारंगीची पानं उकडून पाणी टाकतात. ठाणे-रायगडकडच्या बाजारात पहिल्या पावसाबरोबर येणारी शेवळं काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घातल्याशिवाय केली तर घसा खाजवून रात्र काढावी लागते. दोन, रानातली अळंबी फक्त वर्षानुवर्षं ओळख असलेल्या बाईकडूनच घ्या. ओळख नसेल तर सरळ सोडून द्या.

एकदा फोडशीची जुडी उचलली तर मावशी म्हणाली, “दादा, ती ठेवा खाली. ही घ्या.” मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मग तिने एक पात काढून मधोमध मोडून दाखवली. खालच्या पांढऱ्या भागात एक कडक दांडी होती. “ही मधली शिर काढली नाही तर दातात बसंल. कोवळ्यात नसती.” त्या दिवसापर्यंत मी तिच्यासाठी ‘साहेब’ होतो आणि भाव साहेबाचा होता. दादा झाल्यावर भाव तोच राहिला, पण कुठली जुडी घेऊ नये ते कळायला लागलं, आणि तो फायदा मोठा आहे.

अळू घेताना आधी ठरवा, वडी करायची की फतफतं. वडीच्या अळवाचा देठ काळपट-जांभळा आणि पान जाड, मोठं. भाजीच्या अळवाचा देठ हिरवा. उलटं घेतलंत तर वडी फाटते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात: अळू, माठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण, अंबाडी. एका घराला पुरेल इतकं थोडं थोडं सगळं. एकट्यादुकट्याने ही भाजी करायची तर याहून सोयीचं काही नाही.

याच दिवसांत मटारही येतो, आणि तो माझ्या त्या जुलैच्या मटारासारखा नसतो. पुरंदर, पारनेर आणि साताऱ्याच्या बाजूचा पावसाळी वाटाणा ऑगस्टपासून बाजारात दिसू लागतो. शेंग लहान, दाणा गोड. मटार म्हणजे फक्त हिवाळा, ही समजूत पुण्यात तरी सोडून द्यायला हरकत नाही. आंबेगावच्या सातगाव पठाराचा नवा बटाटाही पावसाळ्याच्या अखेरीस निघतो. साल बोटाने निघते इतकी पातळ. रस्सा उत्तम होतो, पण साठवायला घेऊ नका.

पितृपक्षात गवार, भेंडी, कारली आणि काकडी यांचे भाव दरवर्षी चढतात, कारण सगळ्यांना तीच भाजी त्याच पंधरवड्यात हवी असते. तुमच्याकडे पान वाढायचं नसेल तर ते पंधरा दिवस दोडका, दुधी, घोसाळं यांच्याकडे वळा. पावसाळ्यात पालेभाजी मात्र दोन दिवसांपुरतीच घ्या. ओल्या जुडीचं वजन पाण्याचं असतं, आणि मधला भाग घरी पोचेपर्यंत चिकट व्हायला लागतो. जुडी घेताना मध्यभागी बोट घालून बघा. उबदार लागली तर परत ठेवा.

हिवाळा: सगळंच हवंसं वाटतं

चातुर्मासात अनेक घरांत वांगं बंद असतं आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने ते पुन्हा सुरू होतं. यामागे धर्म किती आणि शेती किती, हा वाद मी घालणार नाही. पण पावसाळ्यातलं वांगं चिरताना अळी सापडली नाही असं क्वचित घडतं, आणि मार्गशीर्षात तेच वांगं चकाकतं. भरताचं वांगं घ्यायचं तर आकाराच्या मानाने हलकं घ्या. जड वांग्यात बिया असतात. हातात दोन सारख्या आकाराची धरून तोलली की हलकं कुठलं ते कळतं. देठाची टोपी हिरवी आणि काटेरी असली पाहिजे. जळगावकडचं भरताचं वांगं, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, ते हिरवट-पांढरं आणि चांगलंच मोठं असतं. ते पुण्यात दिसलं तर भाव न विचारता एक तरी घ्या.

नोव्हेंबरपासून चाकवत, करडई, चंदनबटवा, हरभऱ्याचा कोवळा पाला. हरभऱ्याचा पाला धुवायचा नसतो, त्यावरची आंब हीच त्याची चव. मेथी तर अशी येते की दोन जुड्या निवडायला बसलं तरी कंटाळा येत नाही. डिसेंबरात पावटा, तुरीच्या शेंगा, सोलाणे, आवळा, बोरं, मग हुरडा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या आठवड्यातल्या बाजारात सोलाणे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरं आणि उसाची कांडी एकाच पाटीवर मांडलेली असतात. हिवाळ्याचा सगळा माल एकाच भाजीत घालून बाजरीच्या भाकरीबरोबर खाण्याचा हा सण ज्याने कुणी ठरवला, तो नक्कीच बाजारात जाणारा असणार.

नवा तांदूळही याच काळात येतो. मावळ-मुळशीचे शेतकरी पाच-दहा किलोच्या पिशव्या भरून इंद्रायणी आणतात. नवा तांदूळ चिकट होतो, पाणी कमी घाला. मोकळा भात आवडत असेल तर घेऊन सहा महिने ठेवून द्या. आंबेमोहर कुणी फारच स्वस्त देत असेल तर सावध व्हा. त्याचं उत्पन्न कमी येतं, म्हणून तो स्वस्त परवडतच नाही. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून वास घ्या, मोहराचा सुगंध त्याला असायलाच हवा.

इथे माझी चूक सांगतो. एका डिसेंबरात लाल कांदा फार स्वस्त झाला. मी उत्साहाने पंधरा किलो घेतला आणि बाल्कनीत पसरला. संक्रांतीपर्यंत त्यातल्या निम्म्याला हिरवे कोंब आले होते आणि खालचे पाणी सोडायला लागले होते. विकणाऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. खरिपाचा लाल कांदा टिकतच नाही, तो आठवड्याला लागेल तेवढाच घ्यायचा. साठवणीचा कांदा म्हणजे रब्बीचा, उन्हाळ कांदा, जो मार्च ते मे या काळात निघतो. त्याची मान बारीक आणि पूर्ण वाळलेली असते, वर दुहेरी पत्ती असते, दोन कांदे एकमेकांवर आपटले तर आवाज टणक येतो. असा कांदा हवेशीर जागी पावसाळा काढतो. पांढरा अलिबागचा वेणी बांधून मिळाला तर खिडकीत टांगा, पण तो कोशिंबिरीत संपतोच.

उन्हाळा: फळांचा, आणि फसण्याचा

उन्हाळ्यात भाज्यांची पाटी रोडावते. शेवगा, दुधी, काकडी, कैरी, लिंबू, तेवढंच. पालेभाजी बुटकी आणि महाग. मग पिशवी फळांनी भरते.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दोन बहार: खट्टा हिवाळ्यात, मिठा उन्हाळ्यात. नावाप्रमाणे मिठ्या बहाराचं फळ जास्त गोड. अंजीर झाडावरून उतरवल्यावर पिकत नाही, म्हणून कच्चं घेऊन ‘घरी पिकेल’ असं म्हणण्यात अर्थ नाही. मऊ, तोंडाशी किंचित फाटलेलं आणि त्याच दिवशीचं घ्या, दुसऱ्या दिवशी खाऊन टाका. सीताफळाचं बरोबर उलट. ते पावसाळ्यापासून पुढे येतं आणि घरी छान पिकतं. डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा रुंद आणि पिवळसर पांढऱ्या झालेल्या, पण फळ कडक, असं घ्या आणि तांदळाच्या डब्यात खुपसा.

हापूस. यावर घरोघरी तज्ज्ञ आहेत, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत भाव चढा असतो. पूजेपुरती डझनभर घ्या आणि पेटीसाठी पुढचे दोन आठवडे थांबा. दुसरं, कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे. ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, त्यामुळे ‘पिकवलेला’ या शब्दानेच घाबरू नका. सगळे आंबे एकाच पिवळ्या रंगाचे, वास शून्य आणि दाबल्यावर आत दगड, असं असेल तर पुढे चला. अढीत पिकलेल्या पेटीत चार रंग असतात आणि देठाशी नाक नेलं की काम होतं. आंबा अंगठ्याने दाबू नका. मागच्या गिऱ्हाइकानेही दाबलेला असतो.

मेच्या अखेरीस डोंगरातून करवंदं आणि मग जांभळं येतात, पानांच्या द्रोणात. करवंदांचा हंगाम थोड्याच दिवसांचा. बुधवार चुकला की एक वर्ष.

कलिंगडावर एका बाजूला जमिनीवर टेकलेला डाग असतो. तो पांढरा असेल तर घाईने तोडलंय, लोण्यासारखा पिवळा असेल तर घ्या. द्राक्षावरची पांढुरकी लव औषधाची आहे असं अनेकांना वाटतं. ती बहुतांशी द्राक्षाची स्वतःची असते, उलट ती शाबूत असेल तर घड फार हाताळला गेलेला नाही असं समजा. घडाचा देठ हिरवा हवा. धुवायचं मात्र दोन्ही परिस्थितींत.

हाताने काय बघायचं, आणि काय बघू नये

भेंडीचं टोक मोडून बघणारे लोक मला फार त्रास देतात. दहा भेंड्या मोडून तीन घेतात, आणि सात तिथेच पडतात. एक मोडा, बाकीची त्याच पाटीतली आहे. दुधीला नख लावायचं तर नाहीच. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते आणि देठ हिरवा असतो, तेवढ्यावरून कळतं. गवार लहान, किंचित केसाळ असेल ती गावरान. पाटीत ती कमी दिसते कारण तोडायला वेळ लागतो, आणि म्हणूनच चार पैसे जास्त असतात. शेवग्याची शेंग दोन्ही हातांनी हलकी पिळून बघा, जराशी वळली पाहिजे. मक्याचं कणीस सोलू नका. वरून दाणे चाचपता येतात, आणि सोललेलं कणीस ज्याने सोललं तोच घेत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे. कोथिंबीर गावरान असेल तर काडी बारीक, पान लहान, आणि दोन बोटांत चोळल्यावर वास पुढच्या पाटीपर्यंत जातो.

‘सेंद्रिय’ आणि ‘विषमुक्त’ हे शब्द पुठ्ठ्यावर लिहायला कुणाची हरकत नसते. मी एकदाच विचारतो: प्रमाणपत्र कुठलं? काही गटांकडे पीजीएसचं (शेतकरी गटांनी एकमेकांची शेती तपासून दिलेलं) किंवा एनपीओपीचं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालचं) असतं, ते दाखवतात. नसेल तर रागावण्यासारखं काही नाही, मग फवारणी कधी केली, ते विचारा. जो खरं सांगतो, ‘टोमॅटोला मारावंच लागतं’, त्याच्याकडून टोमॅटो घ्यायला मला जड जात नाही.

भाव आणि वजन

पुण्याच्या मार्केट यार्डाचे भाव वर्तमानपत्रात येतात, पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही असतात. ते वाचताना एक लक्षात ठेवा: फळभाज्यांचा भाव दहा किलोंचा असतो, पालेभाज्यांचा शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. दहा किलोला तीनशे लिहिलं असेल तर शेतकऱ्याला किलोला तीस मिळाले असंही नाही. त्यातून भाडं, हमाली, तोलाई वजा होऊन उरतं ते पट्टीवर, म्हणजे अडत्याने दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, येतं. आठवडे बाजारात रास्त भाव यार्डाच्या भावाहून थोडा वर आणि हातगाडीच्या भावाहून थोडा खाली असतो. त्याहून खाली ओढत बसू नका. मी जुडीवर घासाघीस करत नाही. दोन किलो टोमॅटो घेतो आणि ‘वर काय टाकता?’ एवढंच विचारतो. बहुधा मूठभर मिरच्या किंवा कढीपत्ता येतो.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी करून घ्यावी लागते. काट्यावर शिक्का असतो, तो बघायला मागितला तर वावगं नाही. रोजच्या व्यवहारात पाटी ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना, इतकं बघा. क्रेटसकट तोलून मग वजा करणाऱ्याकडे जरा लक्ष द्या.

घरी आल्यावरचा अर्धा तास

बाजार इथे संपत नाही. पिशव्या तशाच फ्रीजमध्ये कोंबल्या तर शनिवारपर्यंत निम्मी मेहनत वाया गेलेली असते. जुड्यांचे दोरे लगेच सोडा, खराब पानं काढा, धुवू नका. वर्तमानपत्रात किंवा जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवा. कोथिंबिरीची मुळं कापू नका, पेल्यात दोन बोटं पाणी घालून उभी ठेवा. मिरच्यांचे देठ काढून कोरड्या डब्यात. टोमॅटो बाहेर, देठाकडून पालथे. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत नको, दोघेही एकमेकांना लवकर खराब करतात. पाटीत भिजवलेली गवार, घेवडा असेल तर पंख्याखाली पसरून पाणी उडू द्या. करटुली, टाकळा, चाकवत, जे नाजूक ते आज आणि उद्या. भोपळा, दुधी, कोबी शेवटी.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक ओळ लिहायची. त्या दिवशी बाजारात पहिल्यांदा काय दिसलं, एवढंच. माझ्याकडे जुनी कॅलेंडरं मोळी बांधून ठेवलेली आहेत आणि पुढच्या आठवड्यात काय येणार ते बघायला मी तीच काढतो. गेल्या बुधवारच्या चौकोनात लिहिलंय: ‘फोडशी आली. मावशी नाही, सून बसलीये. करटुली पुढच्या खेपेला म्हणाली. मधली शिर काढायला विसरू नये.’